ऋतूचा डावा कान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा ह्या एका जागेवरून मी पटकन पुढे जाते. दहा वर्षं झाली. आज सांगायला बसले आहे, पण तोंड कुठून उघडू? एका वाक्यात सांगण्यासारखंच आहे ते — पण ते वाक्य अजून येत नाही. थोडं मागून येते. तुम्ही ऐकून घ्या.

मी मूळची केनवडची. डी.एड. झाले तेव्हा माझे बाबा गावात भेटेल त्याला सांगत, पोरगी मास्तरीण होणार. भरती निघाली नाही. मग लग्न झालं, कारंजाला आले. दिनेशचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे — शेतातल्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, तो तांब्याची तार भरून देतो. माणूस साधा. मला म्हणायचा, तू शिकलेली हायेस, पोरीचं तू पाह्य, मले त्यातलं काही समजत नाही. ऋतुजा चार वर्षांची झाली, तिला इंग्रजी माध्यमाच्या केजीत घातली, आणि मला वाटलं — चला, एक तरी विद्यार्थी मिळाला.

ऐकायला बरं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

लाल प्लॅस्टिकचं छोटं टेबल आणलं. भिंतीवर तक्ते लावले. शाळा साडेबाराला सुटायची, जेवण, आणि मग दोन ते चार अभ्यास. चार वर्षांच्या लेकराला दोन तास. खेळातून शिकवावं, हाताला वस्तू द्याव्यात, मूल थकलं की थांबावं — हे सगळं मी डी.एड.च्या पेपरात लिहून मार्क मिळवलेले होते. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

ऋतू बडबडी होती. एक ओळ लिहिली की खारीची गोष्ट सांगायची, दुसऱ्या ओळीत त्या खारीचं लग्न लावायची. पण तिला बी आणि डी कळत नसे. पोट कुठल्या बाजूला काढायचं, तिथे तिचा हात थांबायचा. ती माझ्या तोंडाकडे बघायची, माझ्या चेहऱ्यावरून उत्तर शोधायची, आणि नेमकं चुकीच्या बाजूला काढायची. दुसऱ्या वर्षी वहीत मॅडमनी लाल पेनानं इंग्रजीत लिहून पाठवलं, घरी जास्त सराव घ्यावा. शिवाय पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी आपल्या पोराच्या वहीचा फोटो टाकायची — मोत्यासारखी अक्षरं. मी त्या फोटोंवर टाळ्यांचे हात पाठवायची आणि मग फोन उलटा ठेवून ऋतूकडे बघायची.

आधी ओरडणं सुरू झालं. मग पट्टी. मग चिमटे — मांडीवर, फ्रॉकच्या आत.

तुमच्या लक्षात आलं ना? फ्रॉकच्या आत. जिथे दिसणार नाही तिथे. रागात भान राहत नाही म्हणतात, पण मला भान होतं. जागा निवडण्याइतकं होतं.

घड्याळात दोन वाजायला आले की तिचं पोट दुखायचं. मी म्हणायची, नाटकं करू नको.

शाळेत एक मावशी होत्या. वच्छलाबाई. पन्नाशी ओलांडलेली बाई, नवरा नव्हता, मूल नव्हतं, भावाचं घर कामरगावच्या पुढे एका खेड्यात. ह्या इथे कारंजात एक खोली घेऊन एकट्या राहायच्या. मुलांना बाथरूमला नेणं, डबे उघडून देणं, ऑटो येईपर्यंत मुलांना सावलीत बसवून ठेवणं — हे त्यांचं काम. अक्षरओळख नव्हती. पण त्या अर्ध्या तासात त्या मुलांसमोर चिंचोके मांडायच्या. एक दिवस ऋतू घरी आली ती मूठभर चिंचोके घेऊनच. फरशीवर पाच-पाचचे ढीग घातले आणि तीसपर्यंत मोजून दाखवलं, एकदाही न चुकता. मी महिनाभर जे तिच्याकडून करून घेऊ शकले नव्हते ते.

"वच्छला मावशीनं शिकवलं," ती म्हणाली. "तिले वाचता नाही येत मम्मी, पण मोजता येते."

मी ते चिंचोके केराच्या डब्यात टाकले. शाळेतून घाण उचलून आणायची नाही, असं म्हटलं.

आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी — हे सांगायलाच हवं, ह्याच्याशिवाय पुढचं खरं होणार नाही — वच्छलाबाईंनी मला फाटकाशी थांबवलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून. आवाज अगदी खाली.

"ताई, राग नका येऊ देजा. बाथरूमले नेतो ना मी तिले... मांडीवर वळ हायेत तिच्या. म्या कोणालेच सांगतलं नाही. पण लहान हाय हो ते. घरी जायचं म्हटलं की रडते."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, पलंगावरून पडली होती. त्या "बरं" म्हणाल्या आणि ऋतूच्या डोक्यावरून हात फिरवून आत गेल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, हे मला पाठीमागूनही कळलं.

त्या दिवसापासून मला त्या बाईची भीती वाटायला लागली. लाज नव्हे — भीती. हा फरक मी दहा वर्षं स्वतःशी घोळवते आहे.

आता तो दिवस.

फेब्रुवारी होता, वार्षिक परीक्षा जवळ आलेली. दुपारचे तीन-साडेतीन. ऋतूनं एका ओळीत सात वेळा बी काढायचा होता. तिनं सातही वेळा डी काढला. मी खोडरबर दिलं. तिनं परत डी काढला. मी तिचा हात धरून एकदा बी काढून दाखवला, हात सोडला — तिनं डी काढला आणि हसली. तेव्हा मला वाटलं की ती मला हसली. आता वाटतं, घाबरल्यावर लेकरं तशीच हसतात. मी उठले नाही, ओरडलेही नाही. बसल्या जागेवरून, सगळा हात मागे नेऊन, मारलं. उघड्या तळव्यानं. डाव्या कानावर.

आवाज झाला. एखादी कागदी पिशवी फुगवून फोडतात तसा.

ती रडली नाही. मला तेच वाईट लक्षण वाटायला हवं होतं. तिनं कानावर हात ठेवला आणि खूप वेळ कपाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, शिट्टी वाजून राह्यली." मी म्हणाले, "लिही."

आणि तिनं लिहिलं. त्या दिवशी तिनं ती ओळ पुरी केली. मी त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या उशीच्या खोळीवर रुपयाएवढा तांबूस डाग होता. मी खोळ धुतली. दिनेश अंघोळीला गेला होता तेवढ्यात धुतली आणि गच्चीवर न घालता घरातच वाळत घातली. डॉक्टरकडे जाता आलं असतं — दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे. पण डॉक्टर विचारणार, कसं झालं. म्हणून मी लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. ती किंचाळली. रोज सकाळ-संध्याकाळ सोडलं, पाच दिवस. फाटलेल्या पडद्याच्या आत मी तेल ओतत होते. सहाव्या दिवशी कानातून पू यायला लागला, वास यायला लागला, ताप चढला, आणि दिनेशनं विचारलं, "हे कान काहून धरून राह्यली सारखी?"

"शाळेत काही लागलं असंल," मी म्हणाले.

इतकंच. बघा किती लहान होतं ते. अजून कुणाचं नाव नव्हतं त्यात.

आम्ही तिला अकोल्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आत दिवा घालून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची आमच्याकडे वळवून म्हणाले, पडदा फाटला आहे, आत संसर्ग झाला आहे. तेल कोणी घातलं? आणि मग, सरळ माझ्याकडे बघत — मारलं का कोणी हिला?

दिनेश माझ्याकडे बघत होता. ऋतू माझ्या मांडीवर तापानं ग्लानीत होती.

मी म्हणाले, "शाळेतल्या मावशीनं."

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते नाव तोंडातून निसटलं. गडबडीत जे पहिलं सुचलं ते बोलले. खोटं आहे हे. शाळेत दोन मावश्या होत्या, तीन मॅडम होत्या, चाळीस पोरं होती. एखाद्या पोरानं ढकललं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी वच्छलाबाईंचं नाव घेतलं कारण माझ्या हाताचे वळ जगात त्या एकट्या बाईनं पाहिले होते. ती उद्या बोलली तर तिचं कोणी ऐकू नये — हे सगळं मला डॉक्टरांच्या त्या खुर्चीसमोर, अर्ध्या श्वासात, स्वच्छ दिसलं होतं.

पण हेही ते वाक्य नव्हे. ते ह्याच्या पुढे आहे.

घरी आल्यावर दिनेश म्हणाला, "उद्या शाळेत जातो. पोरीले घेऊन." आणि दुकानाकडे निघून गेला. पाच वाजले होते. माझ्या हातात ती संध्याकाळ होती, आणि सकाळी ऋतूला तिथे विचारणार होते.

मी तिला शिकवलं.

हेच ते. मी माझ्या लेकीला शिकवलं की तिला कुणी मारलं.

टेबलाशी नाही बसवलं. मांडीवर घेतलं. औषधानं ताप उतरला होता. केसांतून हात फिरवला, गूळ-तूप लावून पोळीचा लाडू दिला. मग विचारलं, "ऋतूच्या कानावर कोणी मारलं?" ती म्हणाली, "तू." मी म्हणाले, "नाही बाळा. वच्छला मावशीनं." ती म्हणाली, "नाही मम्मी, तू. बी काढला नाही म्हणून." मी रागावले नाही. एकदाही आवाज चढवला नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. बाहुलीला विचारलं, बाहुलीच्या आवाजात उत्तर दिलं. ती हसली. मग तिला बाहुलीच्या आवाजात म्हणायला लावलं, मग तिच्या स्वतःच्या. कुठे मारलं? डब्यांच्या खोलीत. का मारलं? डबा सांडला म्हणून. सोपी वाक्यं, एका वेळी एक, बरोबर आलं की शाबासकी, थकली की थांबायचं — डी.एड.ला शिकवलेलं सगळं सगळं मी त्या संध्याकाळी वापरलं. आणि काय सांगू तुम्हाला — सात वाजेपर्यंत तिला पाठ झालं होतं. मी तिला जे जे शिकवायला गेले त्यात हे एकच असं होतं की जे तिला पहिल्याच बैठकीत पक्कं आलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमच्या ऑफिसात वच्छलाबाईंना बोलावलं. दिनेश उभा, मी खुर्चीत, ऋतू माझ्याजवळ, कानाला कापूस. मॅडमनी विचारलं. ऋतूनं सांगितलं — डब्यांची खोली, सांडलेला डबा, सगळं. अडखळली नाही.

"मॅडम, म्या या लेकराले बोट नाही लावलं," वच्छलाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमीच सांगा ना. म्या तुमाले फाटकापाशी म्हटलं होतं का नाही? मॅडम, हिच्या मांडीवर चिमट्यायचे वळ हायेत, आधीपासून हायेत, म्या पाह्यलेत."

मला रडू फुटलं. खोटं नव्हतं ते रडू, भीतीचं होतं, पण उपयोगाला आलं. दिनेश पुढे झाला. "म्हणजे चिमटे बी तूच घेत होती!"

मॅडमनी ऋतूचा फ्रॉक जरासा वर करून पाहिलं. निळे, पिवळे पडलेले डाग. त्यांनी डोळे मिटून घेतले. माझे वळ होते ते. तेही त्या बाईच्या नावावर गेले, आणि मी नवऱ्याच्या आडून ते जाताना पाहिलं.

वच्छलाबाई खाली बसल्या, ऋतूच्या उंचीला. "माय, म्या मारलं तुले?"

ऋतूनं माझ्याकडे पाहिलं. जसं बी काढायच्या आधी बघायची, अगदी तसं, माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत. मी हो म्हणून मान हलवली. इतकीशी. कोणाला दिसली नाही.

एकीला दिसली. वच्छलाबाईंचं तोंड माझ्याकडे होतं.

"हो," ऋतू म्हणाली.

त्या उठल्या. पदर सारखा केला. काहीच बोलल्या नाहीत पुढे — मला वाटतं, लेकरासमोर तिच्या आईला खोटं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं असावं, किंवा उपयोग नाही हे कळलं असावं. मला ठाऊक नाही. गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि गेल्या.

पोलिसात जाऊ नये म्हणून मीच दिनेशला समजावलं. लोकांना त्यात माझं मन मोठं दिसलं. ग्रुपवर कुणीतरी वच्छलाबाईंचा फोटो टाकला — गॅदरिंगचा, मुलांना मुकुट घालून देतानाचा — आणि खाली लिहिलं, ह्या बाईला कोणीही कामावर ठेवू नका. मी तो फोटो पाहिला. मी टाकलेला नव्हता. मी काढा असंही म्हटलं नाही. बायका घरी भेटायला आल्या, मी चहा केला. पुढच्या वर्षी मला शाळेच्या पालक समितीवर घेतलं. एका पालक सभेत मी अर्धा तास बोललेसुद्धा — मुलांचा घरी अभ्यास कसा घ्यावा ह्यावर. प्रेमानं घ्यावा, म्हणाले. टाळ्या पडल्या.

मी नंतर ऋतूला कधी मारलं नाही. हे मी पुण्य म्हणून सांगत नाही. मारायची गरजच उरली नव्हती; ती गप्प झाली होती. खार परत आली नाही. कान मात्र वाहत राहिला, पावसाळ्यात जास्त. डाव्या बाजूनं हाक मारली की तिला कळत नसे.

पाच-सहा वर्षांपूर्वी वच्छलाबाई मला दिसल्या. कामरगावहून कारंजाला येताना, जीपमध्ये, समोरच्याच सीटवर. एका शेतातून दुसऱ्या शेतावर निघालेल्या, हातांना माती, मांडीवर विळा गुंडाळलेलं फडकं. कारंजात काम कोणी दिलं नाही म्हणून भावाकडे जाऊन राहिल्या होत्या, दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जात होत्या, हे मला ऐकून माहीत होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्याच बोलल्या.

"ऋतू कशी हाय?"

"बरी आहे."

"कान?"

"बरा झाला," मी म्हणाले. तेही खोटंच.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. पुढच्या फाट्यावर त्या उतरल्या आणि शेताच्या वाटेनं चालू लागल्या. जीप तिथे थांबली होती, ड्रायव्हर टपावरचं पोतं उतरवत होता, चांगली पाच मिनिटं. मला उतरता आलं असतं. मी उतरले नाही.

आणि आता ह्या वर्षीचं. ऋतू दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली, तेव्हा वाशिमच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, पडदा बसवून पाहू. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी केसपेपर भरत होते. एक तरुण डॉक्टर मुलगी होती, तिनं विचारलं, कानाला इजा कशानं झाली? मी तोंड उघडायच्या आत ऋतूनंच सांगितलं. केजीत असताना शाळेतल्या एका मावशीनं मारलं होतं. डब्यांच्या खोलीत. मग पुढे म्हणाली, तिची साडी हिरवी होती. हातात काचेच्या बांगड्या होत्या, त्यातली एक फुटली, तो आवाज मला अजून आठवतो. तिच्या हाताला तेलाचा वास यायचा.

साडी मी शिकवली नव्हती. बांगड्या शिकवल्या नव्हत्या. हे तिचं तिनं जमवलं आहे, दहा वर्षांत, मी दिलेल्या तीन वाक्यांभोवती. ती खोटं बोलत नाही. तिला खरंच आठवतं.

"अशा बायकांना शाळेत ठेवतात तरी कशाला?" डॉक्टर मुलगी म्हणाली, आणि लिहून घेतलं. ऋतू माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मीनं लगेच ओळखलं म्हणून बरं झालं. नाहीतर ते आणखी कितीक लेकरायले मारत राह्यली असती."

दिनेशनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

कागद माझ्यापुढे सरकवला. वर तिनं सांगितलेलं सगळं इंग्रजीत लिहिलेलं होतं, मला वाचता येत होतं. खाली पालकाची सही. मी पूर्ण वाचलं आणि सही केली.

ऑपरेशन झालं. पडदा बसला म्हणतात. ऐकू किती येईल ते पुढे कळेल. वच्छलाबाई आहेत अजून. गाव मला माहीत आहे, कामरगावपर्यंत एसटी जाते, पुढे जीप मिळते. मी गेलेले नाही. ऋतूला सांगितलेलं नाही. आज सकाळी ती उजव्या कुशीवर झोपली होती, डावा कान वर, पट्टी लावलेला. मी दारातून तिला हळूच हाक मारून पाहिली.

तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "काय झालं, मम्मी?"

मी म्हणाले, "काही नाही."